बँकेचे मेज आणि कुंभाराचे चाक

आपल्या गावगाड्यात कोणी कुंभार होत नसे. कुंभार जन्माला येत असे. गावाला वर्षभर गाडगी, मडकी, घागरी, रांजण पुरवावेत, संक्रांतीला सुगडे आणि दिवाळीला पणत्या द्याव्यात, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपले बलुते घेऊन यावे, हा त्याचा क्रम. पोर जरा हातापायाने धड झाले की ते बापाबरोबर माती तुडवू लागे. ‘तुला पुढे काय व्हायचे आहे?’ हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नसे, आणि विचारला असता तर तो त्याला कळलाही नसता. मराठीत ‘कुंभार’ हा शब्द धंद्याचाही आहे आणि जातीचाही आहे, यातच सारे आले.

अशा समाजात वाढलेल्या आम्हांला, एखादा शिकलेला मनुष्य चालती नोकरी टाकून मडकी घडवायला बसला असे ऐकले की प्रथम तो वेडा वाटतो आणि मग, तो पुढे नावाला चढला तर, थोर वाटतो. हे दोन्ही अभिप्राय घाईचे आहेत, असे आमचे मत आहे. ते का, हे दाखविण्यासाठी आम्ही एका मनुष्याची हकीकत निवडली आहे. त्याचे नाव बर्नार्ड लीच. विसाव्या शतकात हाताने घडविलेल्या भांड्यांना जगभर जी नवी प्रतिष्ठा मिळाली, तिच्या इतिहासात हे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

लीच यांचा जन्म १८८७ साली हाँगकाँगमध्ये झाला. जन्मतःच आई गेली; आजी-आजोबा जपानात होते, त्यांनी पोर तिकडे नेले. पुढे वडिलांनी त्याला परत आणले. वडील इंग्रजी वसाहतीत न्यायखात्यात होते. हाँगकाँग, सिंगापूर अशी वसाहतीतली घरे पाहून मुलगा दहाव्या वर्षी इंग्लंडात शाळेत गेला. अभ्यासात त्याचे लक्ष नव्हते; चित्रकलेत होते. सोळाव्या वर्षी, १९०३ साली, तो लंडनच्या स्लेड कलाशाळेत दाखल झाला. पण वर्षभरातच वडिलांचे दुखणे बळावले. मुलाने पोटापाण्याच्या मार्गाला लागावे, बँकेत शिरावे, ही त्यांची इच्छा होती. मरणाच्या दारी असलेल्या बापाला मुलाने तसे वचन दिले. १९०४ साली वडील वारले. हा प्रसंग आमच्या श्रोत्यांना परका वाटू नये. अशी वचने आपल्याकडे घरोघर दिली गेली आहेत.

वचनाप्रमाणे तरुण लीच हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन कचेरीत कारकून झाला. गंमत अशी की, याच कचेरीत त्याच्या आधी चार-पाच वर्षे पी. जी. वुडहाउस हा आणखी एक नाखूष कारकून बसून गेला होता. तो पुढे विनोदी कादंबरीकार म्हणून गाजला. लीच बँकेत एक वर्षही टिकला नाही. आकड्यांत मन लागेना, प्रकृती बिघडली, आणि त्याने राजीनामा दिला.

येथे एक गोष्ट स्वच्छ लक्षात घेतली पाहिजे. नोकरी सोडताना लीच यांच्या मनात कुंभारकाम नव्हते. तेव्हा त्यांना मातीचा गंधही नव्हता. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने नक्षी कोरून तिचे छाप घेण्याची कला ते फ्रँक ब्रँग्विन यांच्याकडे शिकले. लाफ्कादियो हर्न यांची पुस्तके वाचून लहानपणीच्या जपानची ओढ पुन्हा जागी झाली, आणि वडिलांच्या मागे आलेल्या थोड्याशा पैशाच्या आधारावर १९०९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ही छापकला जपान्यांना शिकवावी म्हणून ते तिकडे गेले. शिकवायला गेलेला मनुष्य शिकायला बसला, हा या हकीकतीचा पहिला भाग.

१९११ साली टोकियोत एका मित्रमंडळीच्या बैठकीत पाहुण्यांसमोर कोरी, एकदा भाजलेली भांडी ठेवण्यात आली. ज्याने त्याने आपल्या भांड्यावर कुंचल्याने काही काढावे, मग ते झिलईत बुडवून शेजारच्या लहानशा भट्टीत ठेवावे, असा तो खेळ होता. या प्रकाराला जपानात राकू म्हणतात. तासाभरात भांडी लालबुंद झाली, आणि लांब चिमट्यांनी ती बाहेर उघड्यावर काढली गेली. लीच यांचे भांडे तडकले नाही. निवत गेले तसतसे त्याच्यावरचे चित्र दिसू लागले. ते पाहून, आपण हेच काम करायचे, असे त्यांनी त्याच संध्याकाळी ठरविले. हे त्यांनी स्वतः पुढे पुष्कळदा सांगितले आहे.

तो काळ कोणता होता, हे पाहिल्यावाचून या निश्चयाचे वजन कळत नाही. इंग्लंडात जोसाया वेजवुड यांनी १७६९ साली एट्रुरियाचा कारखाना उघडला. एकाने माती मळायची, दुसऱ्याने घडवायची, तिसऱ्याने मुठी चिकटवायच्या, चौथ्याने रंगवायचे, अशी तेथे कामाची वाटणी झाली. भांडी स्वस्त, एकसारखी व पांढरीशुभ्र झाली. सामान्य माणसाच्या घरी चांगली बशी आली, हा लाभ लहान नव्हे. परंतु एक संपूर्ण भांडे आरंभापासून शेवटपर्यंत घडविणारा मनुष्य त्या कारखान्यात उरला नाही. या गोष्टीविरुद्ध रस्किन यांनी लिहिले, विल्यम मॉरिस यांनी लिहिले आणि १८६१ साली स्वतःची पेढी काढून हातकामाची उदाहरणेही घालून दिली. डोके एकाचे आणि हात दुसऱ्याचे ही विभागणीच रोगाचे मूळ, हा त्यांचा मुद्दा. लीच यांची पिढी या विचारांच्या वातावरणात वाढली.

जपानातही तसाच पालट चालू होता. १८६८ च्या मेजी क्रांतीनंतर सरदार-दरकदारांचा आश्रय संपला, पाश्चात्त्य पद्धतीचे कारखाने उभे राहिले, आणि जुन्या कुंभारघराण्यांवर अवकळा आली. लीच यांनी गुरू शोधला तो अशाच घराण्यातला. शिगेकिची उरानो हे त्यांचे नाव. १६६३ ते १७४३ या काळात होऊन गेलेले थोर कुंभार ओगाता केन्झान यांच्या परंपरेतले ते सहावे केन्झान. लीच भेटले तेव्हा ते म्हातारे आणि दरिद्री होते. म्हणजे ज्या वेळी गिऱ्हाईक त्या परंपरेकडे पाठ फिरवीत होते, त्या वेळी एक परदेशी तरुण तिच्या पायाशी येऊन बसला. दुभाष्याचे काम केनकिची तोमिमोतो करीत. तोमिमोतो हे शिक्षणाने वास्तुकलेचे. मित्रासाठी दुभाषी म्हणून गेले आणि स्वतःच कुंभार झाले. पुढे गुरूने या दोघांनाही परंपरेचा अधिकार सांगणारे पत्र दिले. एका इंग्रजाला केन्झान म्हणवून घेण्याचा हक्क मिळाला तो असा.

मनुष्याला ध्यास लागतो तो एका संध्याकाळी. विद्या येते ती वर्षानुवर्षांनी. जपानात आणि मध्ये दोन वर्षे पेकिंगमध्ये मिळून लीच अकरा वर्षे पूर्वेकडे राहिले. तत्त्वचिंतक मित्र सोएत्सु यानागी यांच्या अबिको येथील जागेत त्यांनी भट्टी बांधली. १९१९ साली ती कार्यशाळा आगीत भस्म झाली. त्याच सुमारास शोजी हामादा हा तरुण त्यांना भेटला. हामादा टोकियोच्या तांत्रिक विद्यालयात मृत्तिकाशास्त्र शिकलेला आणि क्योटोच्या संशोधनसंस्थेत झिलयांचे असंख्य प्रयोग केलेला. लीच यांना दृष्टी होती, रेखा होती. रसायन हामादाला माहीत होते. १९२० साली दोघे मिळून इंग्लंडला निघाले.

कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी सेंट आइव्ह्ज हे कोळ्यांचे व चित्रकारांचे गाव. फ्रान्सेस हॉर्न या बाईंनी तेथे हस्तव्यवसायांची एक संस्था चालविली होती. तिच्यासाठी कुंभार हवा होता. त्यांनी कर्ज दिले, पहिल्या तीन वर्षांच्या निर्वाहाची सोय केली, आणि ओढ्याकाठच्या जागेत लीच-हामादांनी डोंगरउतारावर चढत जाणारी जपानी धर्तीची भट्टी बांधली. पश्चिमेकडील देशांत अशी भट्टी पूर्वी नव्हती. तिच्यात एकामागे एक खण असतात. खालच्या खणातील आच वरच्या खणात शिरते, त्यामुळे पहिला खण भाजून निघेपर्यंत दुसरा अर्धा तापलेला असतो. दगडासारखे टणक भांडे हवे तर उष्णता तेराशे अंशांच्या आसपास न्यावी लागते, आणि त्यासाठी तासन्‌तास लाकूड घालीत बसावे लागते. आपल्या कुंभाराचा उघडा आवा गोवऱ्या-पाचोळ्यावर याच्या पुष्कळ खाली भाजून निघतो. म्हणून आपला माठ पाझरतो, आणि पाझरतो म्हणूनच पाणी गार राहते.

योजना सुंदर होती. पण जागा चुकली होती. कॉर्नवॉलमध्ये लाकडाची टंचाई. माती मनासारखी नाही. पहिली भट्टी लवकरच खिळखिळी झाली, आणि क्योटोकडील कुंभारघराण्यातील मात्सुबायाशी यांनी येऊन ती नव्याने बांधून दिली. हामादा १९२३ साली मायदेशी परतले. मागे उरले लीच, बायको, पाच मुले आणि कर्ज. लंडनमध्ये प्रदर्शने भरत. थोडे रसिक वाखाणत. पण एका भट्टीत जे बिघडे ते दुसरीत भरून येईना. कित्येकदा इंग्लंडात न खपलेला माल जपानात पाठवून तेथील मित्रांकरवी विकावा लागे. पुढे डार्टिंग्टन येथील एल्महर्स्ट दांपत्याने हात दिला. यांतील लेनर्ड एल्महर्स्ट म्हणजे १९२२ साली रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनाची उभारणी करणारे गृहस्थ. तेव्हा या कुंभाराच्या भाकरीत एक धागा आपल्या देशाचाही आहे.

आणि आता या हकीकतीतील सर्वांत बोधप्रद प्रसंग. लीच यांचा थोरला मुलगा डेव्हिड १९३० साली बापाच्या हाताखाली आला. त्याने चार वर्षे पाहिले आणि ओळखले की, येथे कला आहे पण शास्त्र नाही. बाप १९३४ साली जपानला गेला असता मुलाने स्टोक या कारखान्यांच्या शहरी जाऊन भांड्यांच्या व्यवस्थापनाचा रीतसर अभ्यासक्रम सुरू केला. ज्या कारखानदारीविरुद्ध बापाने आयुष्य वेचले, तिच्याच शाळेत मुलगा गेला! लीच यांना हे रुचले नाही. पण परत आल्यावर मुलाने लाकडाऐवजी तेलावर भट्टी चालविली, माती सुधारली, गावातील पोरे उमेदवार म्हणून घेतली, आणि रोजच्या वापराच्या ठरावीक घाटांच्या भांड्यांची यादी छापून ती टपालाने विकण्याची व्यवस्था लावली. सेंट आइव्ह्जची कार्यशाळा जगली ती या वाट्या-बश्या-सुरयांवर. लीच यांची एकेकटी, सहीची भांडी संग्रहालयांत गेली. त्या भांड्यांना वेळ मिळाला तो या रोजमुऱ्याच्या मालामुळे. नोकरी सोडल्याची कथा सांगणारे हा भाग बहुधा गाळतात. तो गाळला तर ऐकणाऱ्या तरुणाची फसवणूक होते.

किंमत पैशांतच मोजावी लागली असेही नाही. लीच यांचा पहिला संसार पुढे मोडला. ध्यासाचा भार ज्याला ध्यास लागला त्याच्याइतकाच, कधी त्याहून जास्त, घरच्यांवर पडतो. आणि त्यांनी तो निवडलेला नसतो.

मग लीच यांचे मोठेपण कशात? आमच्या मते ते बँक सोडण्यात नाही. बँक अनेकांनी सोडली. त्यांचे मोठेपण आहे ते जे शिकले ते झाकून न ठेवण्यात. कुंभारांच्या घराण्यांत झिलईचे प्रमाण बापाने मुलाला सांगावे, परक्याला नाही, अशी रीत होती. लीच यांनी १९४० साली ‘अ पॉटर्स बुक’ हे पुस्तक लिहून माती, झिलई, भट्टी यांची सारी कृती छापून टाकली. १९४१ च्या आरंभी जर्मन बॉम्बने त्यांच्या कार्यशाळेची नासधूस केली; पण तोवर विद्या पुस्तकरूपाने बाहेर पडली होती. युद्धानंतर देशोदेशी जे तरुण चाकाशी बसले, त्यांतील कितीकांचा पहिला गुरू ते पुस्तकच होते. लीच १९७९ साली वारले. अखेरची वर्षे ते आंधळे होते.

त्यांच्याकडे १९२३ साली आलेले पहिले इंग्रज शिष्य मायकेल कार्ड्यू हे ऑक्सफर्डचे पदवीधर. ते १९४२ साली आफ्रिकेत गेले, आणि पुढे नायजेरियात अबुजा येथे त्यांनी कुंभारकामाचे शिक्षणकेंद्र काढले. तेथे १९५४ साली लाडी क्वाली ही ग्वारी जमातीची बाई दाखल झाली. चाकावाचून, भांड्याभोवती स्वतः फिरत, मातीची वळी एकावर एक चढवून पाण्याचे मोठे घडे घडविणे ही तिची आईमावशांकडून आलेली विद्या. तिला शिकवायला निघालेले कार्ड्यू तिच्याकडून शिकले. आज नायजेरियाच्या वीस नायरांच्या नोटेवर तिचे चित्र आहे. जन्मजात कुंभाराचे नाव राहिल्याचे असे उदाहरण विरळाच.

नाव राहण्याचा प्रश्न लीच यांच्या मित्रमंडळात फार चर्चिला गेला. यानागी यांचे म्हणणे असे की, उत्तम भांडी अनामिक खेडवळ कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेली असतात. त्यांत ‘मी’ नसतो म्हणूनच ती सुंदर. या लोककलेसाठी त्यांनी १९३६ साली टोकियोत संग्रहालय उघडले. हामादा माशिको या कुंभारगावी राहू लागले व त्यांनी भांड्यांवर शिक्का मारणेच सोडले. विचार उदात्त आहे. पण त्यातली विसंगती झाकून चालणार नाही. अनामिकतेचे गुणगान करणारे सगळे नामवंत झाले, आणि ज्यांचे गुणगान झाले ते अनामिकच राहिले. ज्याला नाव आहे त्याने नाव टाकणे हा त्याग. ज्याला कधी नाव मिळालेच नाही, त्याच्या बाबतीत तो शब्द वापरता येत नाही. नोकरी टाकण्याचेही तसेच आहे.

ही लाट हिंदुस्थानात आली ती लीच यांच्या मागून नव्हे, जवळजवळ बरोबरीने. भूगर्भशास्त्र शिकलेले सरदार गुरुचरण सिंग दिल्लीच्या एका भांड्यांच्या कारखान्यात काम करू लागले आणि १९१९ साली मृत्तिकाशास्त्र शिकण्यासाठी जपानला गेले. तेथे यानागी, लीच, हामादा, तोमिमोतो या मंडळींशी त्यांचा स्नेह जमला. परंतु १९२२ साली परतल्यावर त्यांनी केवळ जपानी नमुने गिरवले नाहीत. दिल्लीतील अब्दुल्ला या जुन्या घराण्यातील कुंभाराकडची निळी झिलई त्यांनी आपलीशी केली. १९५२ साली त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी’ सुरू केली, आणि १९९५ साली मृत्यू येईपर्यंत या देशातील शहरी कुंभारांच्या दोन-तीन पिढ्या त्यांनी तयार केल्या. त्यांच्या यशात विद्यालयाचे शास्त्र आणि अब्दुल्लाचे घराणे हे दोन्ही आहेत. यांतील एकच आठवणे हा कृतघ्नपणा होईल.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रातील कुंभार मोठे मडके करताना गळा चाकावर ओढून घेतो, आणि मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने पोट वाढवीत नेतो. हे काम पुस्तकावरून येत नाही. पण ॲल्युमिनियम आले, मग प्लॅस्टिक आले, घरोघर फ्रिज आले. बलुते तर त्याआधीच मोडले होते. कुंभाराचा मुलगा चाक सोडून कचेरीत, कारखान्यात, शाळेवर गेला. त्याबद्दल हळहळणाऱ्यांत आम्ही नाही. ज्याला चाकाशी बांधूनच जन्माला घातले होते, त्याने दोर कापला तर त्याला परंपराद्रोही कोणत्या तोंडाने म्हणावे? लीच यांना बँक सोडण्याचा जेवढा अधिकार, तेवढाच त्याला चाक सोडण्याचा. चांदा जिल्ह्यात भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्याने ग्रामोदय संघ काढून कुंभारकामाला शास्त्राची जोड दिली, त्यामागची दृष्टी आम्हांला म्हणूनच मोलाची वाटते. कुंभाराला चाकाशी राहावेसे वाटेल इतकी त्या चाकात मिळकत आणि मान हवा. नुसता उपदेश नको.

शहरांत हल्ली चांगल्या पगारावर पाणी सोडून मातीकाम करू पाहणारे तरुण-तरुणी दिसतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. मात्र लीच यांच्या हकीकतीतून दोन प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावेत. मी कोणाकडून शिकलो, आणि त्याचे नाव मी घेतो काय? आणि माझ्या या ध्यासाचा रोजचा खर्च कोण सोसतो आहे?

तेरचे गोरोबा काका कुंभारच होते, आणि संत होण्यासाठी त्यांना चाक सोडावे लागले नाही. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून ते थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून मडके कच्चे की पक्के ते पाहू लागले. नामदेव कच्चे ठरले, अशी कथा आहे. परीक्षक म्हणून आपल्या परंपरेने तेथे निवडला तो पंडित नव्हे, कुंभार. पण त्याच परंपरेने त्या कुंभाराच्या वंशजांना गावच्या पंगतीत कोठे बसविले, तेही आपण जाणतो. बँकेतून उठून चाकाशी बसणाऱ्याला आपण आज मोठ्या हौसेने व्यासपीठावर बोलावतो. त्याच्या शेजारी एक खुर्ची, त्याला माती मळायला शिकविणाऱ्या म्हाताऱ्या कुंभारासाठी मांडावी, एवढेच आमचे सांगणे आहे.